कालाकुंडचा थांबा



या व्याख्यानमालेला मी कित्येक वर्षे येतो आहे, पण नेहमी तुमच्या बाजूला बसून. इथे संतवाङ्मय ऐकले, नाट्यसंगीत ऐकले, होळकरांचा राज्यकारभार ऐकला. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच किरकोळ आहे. चिटणीसांना मी तो कळवला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "एका स्टेशनावर तुम्ही तासभर बोलणार?" मी म्हटले, "एके काळी इंदूरची सगळी मराठी मंडळी त्या स्टेशनावर दहा-पंधरा मिनिटे गुपचूप बसून राहायची. आता थोडा वेळ त्याच्याविषयी बसायला काय हरकत आहे?"

ते स्टेशन म्हणजे कालाकुंड. तुमच्यापैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत, त्यांना हे नाव उच्चारताच पळसाच्या पानातला कलाकंद आठवला असेल. तरुण मंडळींना पावसाळ्यातली सहल आठवली असेल. या दोन आठवणींमध्ये जे अंतर पडले आहे, त्याविषयी मला आज बोलायचे आहे.

आधी थोडा भूगोल सांगतो. आम्ही लहानपणी खंडव्याच्या वाटेवरची स्टेशने पाढ्यासारखी म्हणत असू: राऊ, महू, पाताळपाणी, कालाकुंड, चोरल, बलवाडा, बडवाह, ओंकारेश्वर रोड, सनावद. मधली लहानसहान स्टेशने आम्ही गाळायचो, कालाकुंड मात्र कधीच गाळले नाही. महूपर्यंत माळव्याचे पठार सपाट असते. पाताळपाण्याला ते एकाएकी संपते. तिथे चोरल नदी सुमारे तीनशे फूट खाली उडी घेते. गाडीला अशी उडी घेता येत नाही, म्हणून ती डोंगराला वळसे घालत, चार बोगद्यांतून आणि कितीतरी पुलांवरून साडेनऊ किलोमीटर उतरत खाली येते. तळाशी, नदीच्या काठी, चहूबाजूंनी विंध्याच्या टेकड्यांनी वेढलेले जे चिमुकले स्टेशन लागते, ते कालाकुंड. गाव काही घरांचे. फलाट मात्र गावापेक्षा लांब.

एवढ्याशा गावाला स्टेशन मिळाले ते गावासाठी नव्हे, चढासाठी. या घाटात चाळीस फूट पुढे गेले की रूळ एक फूट वर चढतात. रेल्वेच्या हिशेबात हा फार कठीण चढ. त्यामुळे खंडव्याहून येणाऱ्या गाडीला कालाकुंडला मागून आणखी एक इंजिन जोडावे लागे. पुढचे इंजिन ओढायचे, मागचे ढकलायचे, आणि गाडी धापा टाकत पाताळपाण्याला पोचायची. तिथे मागचे इंजिन सुटे व्हायचे आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली जायचे. उलट दिशेने जाणारी गाडी घाट उतरण्यापूर्वी पाताळपाण्याजवळ थांबायची, ब्रेक नीट लागतात की नाही हे तपासायची, मग खाली निघायची. मार्ग एकेरी. स्टेशनमास्तरने वेताच्या कड्यात अडकवलेले टोकन ड्रायव्हरच्या हाती दिल्याशिवाय गाडीला पुढच्या टप्प्यात पाऊल टाकता येत नसे. समोरून कोणी येत नाही याची ती हमी.

म्हणजे कालाकुंडचा थांबा कोणी उतरावे म्हणून नव्हता. गाडीला दम घ्यायला, आधार घ्यायला तो थांबा होता. आणि गाडी थांबली की माणसांना भूक लागते. दूध गावात भरपूर. त्यातून कलाकंदाचा धंदा उभा राहिला. नावातल्या साम्यामुळे पुष्कळांना वाटते की या गावावरूनच कलाकंद हे नाव पडले. तसे नाही. 'कंद' हा फारसीतून आलेला साखरेचा शब्द, आणि कलाकंद उत्तरेत सगळीकडे होतो. पण गाव आणि मिठाई यांची नावे इतकी जुळावीत, हा योगायोग प्रवाशांना इतका आवडला की त्यांनी ते लग्न लावूनच टाकले. आपणही ते मोडू नये.

आता हा मार्ग झाला कसा, ते थोडक्यात सांगतो. १८७० च्या मार्च महिन्यात मुंबई आणि कलकत्ता ही शहरे जबलपूरमार्गे रेल्वेने जोडली गेली. ती वाट खंडव्यावरून जात होती. इंदूर तिच्यापासून दूर, आणि मध्ये नर्मदा व विंध्य असे दोन अडसर. त्याच वर्षी महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी हा फाटा बांधण्यासाठी एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. मार्गाला नाव मिळाले होळकर स्टेट रेल्वे. डिसेंबर १८७४ मध्ये खंडवा ते सनावद गाडी सुरू झाली. ५ ऑक्टोबर १८७६ रोजी नर्मदेवरचा पूल स्वतः तुकोजीरावांच्या हस्ते खुला झाला, आणि १८७८ पर्यंत खंडवा व इंदूर पूर्ण जोडले गेले. गंमत पाहा: १०१ वर्षांच्या कर्जाची मुदत भरण्याआधीच कर्ज देणारे संस्थान गेले आणि घेणारे सरकारही गेले. गाडी मात्र चालत राहिली.

खर्च वाचावा म्हणून हा मार्ग मीटरगेज केला. दोन रुळांमध्ये एक मीटरचे अंतर. मुंबईकडच्या मोठ्या मार्गाचे अंतर १६७६ मिलिमीटर. त्यामुळे मोठ्या मार्गाचा डबा आपल्या रुळांवर कधी येऊच शकत नव्हता. खंडव्याला प्रत्येक माणूस, प्रत्येक पेटी, प्रत्येक लोणच्याची बरणी एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत चढली पाहिजे. पुढे स्वातंत्र्यानंतर खंडव्याच्या दक्षिणेलाही हाच अरुंद मार्ग अकोला, हिंगोली, पूर्णा असा जोडला गेला, आणि अजमेरहून निघालेली मीटरगेजची गाडी इंदूर, कालाकुंड, खंडवा करीत थेट हैदराबादच्या काचीगुड्याला जाऊ लागली. अजमेरचा दर्गा, ओंकारेश्वर, हिंगोलीजवळचे औंढा नागनाथ, नांदेडचा गुरुद्वारा अशा सगळ्या वाटांचे यात्रेकरू कालाकुंडच्या फलाटावर एकाच टोपलीतला कलाकंद खात.

श्रोतेहो, आता मी मुद्द्यावर येतो. आपण इंदूरची मराठी घराणी आपला इतिहास सांगायला लागलो की घोड्यावरून सुरुवात करतो. मल्हारराव आले, त्यांच्याबरोबर आमचे मूळपुरुष आले, त्यांना अमुक गावी जमीन मिळाली. आमच्याही घरी असा एक घोडा आहे. लहानपणी मी तो इतक्यांदा ऐकला की त्याचा रंगही मला ठाऊक होता. काही वर्षांपूर्वी माडीवरचे सामान काढताना पणजोबांची खर्चाची वही सापडली. मोडी अक्षर वाचून घ्यायला एका जाणत्या स्नेह्याकडे गेलो. आणि घोडा तिथेच कोसळला.

पणजोबा रावेरकडचे. शिक्षकाची नोकरी मिळेल अशा आशेने, कोणाचे तरी शिफारसपत्र खिशात घालून ते विसाव्या शतकाच्या आरंभी इंदूरला आले, आणि आले ते रेल्वेने. वहीत रावेर ते खंडव्याचे तिकीट आहे, खंडव्याच्या हमालाची मजुरी आहे, खंडव्याहून इंदूरचे तिकीट आहे. आणि त्या दोन तिकिटांखाली एक ओळ आहे: "कालाकुंड, मिठाई, दोन पैसे." एवढा काटकसरी माणूस, पुढे नोकरी मिळेल की नाही ठाऊक नाही, आणि त्याने दोन पैशांची मिठाई घेतली. पुढची नोंद इंदूरच्या टांग्याची आहे.

प्रथम मला थोडे वाईट वाटले. घोडा गेल्याचे दुःख असतेच. पण नंतर मी आजूबाजूला विचारू लागलो. तुमच्या घरी कोण, कधी, कसे आले? रामबागेत विचारले, नारायण बागेत विचारले, लोकमान्यनगरात विचारले. सरदारांच्या वंशातली घरे आहेतच, त्यांचा मान त्यांना आहे. पण मी ज्यांना विचारले, त्यांतल्या कितीतरी घरांच्या कथेत दोन पिढ्या मागे गेले की घोडा संपतो आणि पत्र्याची पेटी सुरू होते. कारकून, मास्तर, वैद्य, गिरणीतला हिशेबनीस, मिठाईवाला, पुरोहित. एक जण आधी आला, खोली घेतली, मग भाऊ आला, मग मेहुणा. पुढच्या इंजिनाने ओढायचे आणि मागच्याने ढकलायचे, अशीच ही घाटाची चढण आपल्या घरांनी केली आहे.

आणि बायकांचे काय? घोड्याच्या कथेत बायका नसतातच. रेल्वेच्या कथेत त्याच जास्त आहेत. माझ्या आजीचे लग्न १९३८ साली झाले. ती भुसावळची. वऱ्हाडाबरोबर खंडव्याला उतरली, तेव्हा तिने पहिल्यांदा मीटरगेजचा डबा पाहिला. ती सांगायची, "मला वाटलं, ही खेळण्यातली गाडी. यात बसून सासरी जायचं?" कालाकुंडला मागून इंजिन लागले तेव्हा डब्याला जो धक्का बसला, त्याने ती घाबरून रडू लागली. सासऱ्यांनी, म्हणजे त्याच मास्तरांनी, खिडकीतून पळसाच्या पानात कलाकंद घेऊन तिच्या हातावर ठेवला. माळव्यात तिने खाल्लेला हा पहिला घास. पुढे पन्नास वर्षे ती त्या वाटेने माहेरी गेली-आली. ती म्हणायची, "जाताना कालाकुंड आलं की घाट सुटला, माहेरचं वारं लागलं. येताना कालाकुंड आलं की पदर सारखा करायचा."

आमच्या आईच्या वेळी पदर सारखा करण्याचे दिवस संपले होते. पण उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे त्याच वाटेने आजोळी जायचो. डोळ्यांत कोळशाचे कण, सुरईतले कोमट पाणी, बोगदा आला की सगळ्या डब्याने एकदम ओरडायचे. आणि कालाकुंडला वडिलांनी खाली उतरले की गाडी त्यांना सोडून जाईल या भीतीने माझा जीव जायचा. गाडी कधी त्यांना सोडून गेली नाही. घाटात घाई कोणालाच नसायची.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर हे भाषण अपुरे राहील. ही वाट आपली, असे आपण म्हणतो, पण हा डोंगर आपल्या आधीपासून दुसऱ्यांचा आहे. निमाडच्या टंट्या भिल्लाला इंग्रजांनी ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिले. त्याचा देह याच घाटात रुळांजवळ आणून टाकला, असे इथले लोक सांगतात. पाताळपाण्याजवळ टंट्यामामाचे देऊळ आहे. गाडी तिथे थांबायची. रेल्वे म्हणते, ब्रेक तपासण्यासाठी. लोक म्हणतात, मामाला मान दिल्याशिवाय गाडी घाट उतरत नाही. आमची आजी, जिने इंजिनाचा धक्का सोसला होता, ती दोन्ही मानायची आणि खिडकीतून हात जोडायची. आपण बाहेरून येऊन या मुलखात राहिलो, त्या राहण्यात अशी काही हात जोडणी होती म्हणूनच निभावले.

आता आजची गोष्ट. इंदूरला मोठा मार्ग आला, मुंबईची गाडी रतलाम, वडोदऱ्यावरून जाऊ लागली, आणि खंडव्याची वाट मागे पडत गेली. २०१७ च्या आरंभी अकोल्याकडचा मीटरगेज बंद झाला. २०२३ च्या फेब्रुवारीत महूपासून ओंकारेश्वर रोडपर्यंतचाही बंद झाला. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. नवा रुंद मार्ग होतो आहे, तो हवाच. पण नव्या मार्गाला इतका कठीण चढ ठेवायचा नाही. म्हणून तो लांबचा वळसा घेऊन, कालाकुंडला बाजूला ठेवून जाणार. जुना घाट मोडला नाही, यासाठी रेल्वेचे आभार मानले पाहिजेत. २५ डिसेंबर २०१८ पासून तिथे हेरिटेज ट्रेन चालते. मोठमोठ्या काचांचे डबे आहेत. पाताळपाण्याहून निघते, कालाकुंडला येते, इंजिन पुढचे मागे करून परत जाते.

मागच्या पावसाळ्यात मी नातीला घेऊन त्या गाडीने गेलो. डोंगरातून जागोजागी पाणी कोसळत होते. डब्यात गाणी चालली होती, सगळे फोटो काढत होते, मीही काढले. कालाकुंडला उतरलो. कलाकंद मिळाला, पानातच मिळाला. विकणाऱ्याशी बोललो. माझ्याच वयाचा असेल. मी म्हटले, गाडी राहिली, बरे झाले. तो म्हणाला, शनिवार-रविवारी विक्री चांगली होते, नाही म्हणत नाही. पण मला बडवाहला जायचे असेल तर ही गाडी काय कामाची? आणि महूच्या दवाखान्यात मंगळवारी जायचे असेल तर?

परत गाडीत बसताना नात रुळांच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होती. तिने मला विचारले, "आजोबा, ये ट्रेन आगे क्यों नहीं जाती?"

श्रोतेहो, तिने प्रश्न हिंदीत विचारला, हे माझ्या ध्यानात आले ते रात्री घरी आल्यावर. गाडीत असताना मला त्यात काही वेगळे वाटलेच नाही, कारण घरी रोज तसेच चालते. दोष तिचा नाही. तिच्याशी मराठीत बोलायचे आम्ही ठरवले आहे, पण ते ठरवणे सणासुदीपुरते उरले आहे. आमच्या घरची मराठी हेरिटेज ट्रेन झाली आहे. गणेशोत्सवात निघते, दिवाळी पहाटेला निघते, नटून निघते, सगळे कौतुक करतात. आणि जिथून निघाली तिथेच परत येते.

माझे म्हणणे नीट समजून घ्या. मी उत्सवांच्या विरुद्ध नाही. हेरिटेज ट्रेन नसती तर कालाकुंडच्या फलाटावर आज गवत उगवले असते. पण फलाटावर गवत नाही म्हणून मार्ग चालू आहे, असे समजू नये. मार्ग चालू असतो तेव्हा त्यावरून लोणच्याच्या बरण्या जातात, आजारी माणसे जातात, रडणाऱ्या नव्या सुना जातात, नोकरी मिळेल की नाही या धास्तीत असलेले मास्तर जातात. भाषेचेही तसेच. घरातला हिशेब, भांडण, औषधाच्या वेळा, शेजाऱ्याची निंदा हे ज्या भाषेत चालते, ती घराची भाषा. गाणी कुठल्याही भाषेत म्हणता येतात.

पुण्याला गेले की आपली मराठी ऐकून लोक हसतात. "काय करून राहिलात?" असे आपण विचारतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू येते. मुले हे पाहतात आणि गप्प बसतात. मग हिंदीच सोपी वाटते. मी आता मुलांना सांगतो की आपली मराठी मीटरगेजची आहे. रूळ थोडे जवळजवळ आहेत, त्यात माळवा मिसळला आहे, निमाड मिसळला आहे. पण याच रुळांवरून आपली चार-पाच पिढ्यांची ये-जा झाली. पुण्याचा डबा या घाटात चढला नसता. खंडव्याला उतरून गाडी बदलण्यात लाज कसली?

आता शेवटचे, आणि हे भाषण नव्हे, विनंती आहे. आपल्या सभेत आज ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची जी मंडळी आहेत, त्यांनी कोळशाच्या इंजिनाचा तो धक्का अंगावर घेतला आहे. त्यांच्यानंतर सांगणारे कोणी नाही. तेव्हा प्रत्येक घराने एक पान लिहावे. आमच्या घरातले पहिले माणूस कोण, कोणत्या गावाहून, कोणत्या गाडीने, कशासाठी आले, बरोबर काय आणले. घोडा असेल तर घोडा लिहा, पण पेटी असेल तर पेटी लिहायला संकोच करू नका. आणि हे पान आजीने किंवा आजोबांनी सांगावे व नातवाने आपल्या हाताने मराठीत लिहावे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल.

मी सुरुवात केली आहे. मागचा महिनाभर रोज रात्री जेवणानंतर मी नातीला आमच्या घरची हकीकत सांगतो आणि ती लिहून घेते. पहिले तीन दिवस तिला कंटाळा आला. चौथ्या दिवशी कालाकुंड आले. तिने विचारले, "पणजी का रडली?" मी धक्क्याचे सांगितले, मागच्या इंजिनाचे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे ते इंजिन तिला मदत करत होतं, आणि तिला वाटलं की टक्कर झाली?" हा प्रश्न तिने मराठीत विचारला. मी काही बोललो नाही. लिहून घे, एवढेच म्हणालो.

आमचे पान मी आज चिटणीसांच्या वहीत लावले आहे. वही दाराशी टेबलावर आहे, बाकीची पाने कोरी आहेत. जाताना आपापल्या घराचे नाव एका एका पानावर लिहून जावे.